कात, कातकरी आणि कॅटेकोल

दिवाळीच्या दोन आठवडे आधी, शनिवार-रविवार जोडून, टोकावड्याला मामाकडे जाऊन आलो. टोकावडे ठाणे जिल्ह्यात आहे असं सांगितलं की हापिसातले लोक "म्हणजे घोडबंदरच्या पुढे का?" असं विचारतात. नाही हो. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणारी एसटी पकडायची. शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना लागतो, तो मागे टाकायचा, मुरबाडची एमआयडीसी मागे टाकायची, मग दोन्ही बाजूंना भातखाचरं आणि समोर सह्याद्रीची भिंत दिसायला लागली की टोकावडे आलं. पुढे वैशाखरे, नाणेघाट. भटक्या मंडळींना हा रस्ता तोंडपाठ असेल.

मामेबहीण यंदा दहावीला आहे. मी पाय धुवून आत येतोय तोवर तिने विज्ञानाचा भाग १ पुढ्यात आणून आदळला. धडा नववा, कार्बनी संयुगे.

"दादा, हे काही डोक्यात शिरत नाही. नुसती नावं, नावं आणि नावं. मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन. कोणी ठेवली ही नावं?"

मी पडलो संगणकवाला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी केमिस्ट्रीचा पेपर देऊन जी पाठ फिरवली ती फिरवलीच. त्यामुळे सगळे मोठे भाऊ देतात तेच उत्तर दिलं, "पाठ कर. मार्क मिळतात." कार्बनला चार हात, हायड्रोजनला एक, सगळ्यांनी हात धरले की रेणू झाला, एवढं वहीत काढून दाखवलं आणि जेवायला बसलो. पण भात कालवताना लाज वाटली. माझ्या टीममध्ये कोणी व्हेरिएबलचं नाव असंतसं ठेवलं तर मी कोड रिव्ह्यूमध्ये पानभर कॉमेंट लिहितो. आणि इथे पोरगी नाव असं का, एवढंच विचारतेय तर म्हणे पाठ कर!

रात्री मामाकडे लाइट गेली. मोबाइलला एक-दोन काड्या रेंज येत होती, त्यात वाचत बसलो. सुरुवात मिथेनपासून.

१८३४ साली पॅरिसमध्ये ड्यूमा आणि पेलिगो हे दोघे रसायनशास्त्रज्ञ लाकूड तापवून मिळणाऱ्या स्पिरिटचा अभ्यास करत होते. लाकूड हवेशिवाय तापवलं की त्याचा कोळसा होतो, आणि वाफ पकडून थंड केली तर पाणी, व्हिनेगरमधलं आम्ल, डांबर आणि एक पेटणारं स्पिरिट मिळतं. या स्पिरिटातल्या गटासाठी त्यांनी शब्द बनवला मेथिलीन. ग्रीक भाषेत 'मेथू' म्हणजे दारू (आपल्या मेथीच्या भाजीचा संबंध नाही) आणि 'हिले' म्हणजे लाकूड. लाकडातली दारू! त्यावरून मेथिल आलं, आणि १८६६ साली हॉफमन नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कार्बन-हायड्रोजनच्या संयुगांची नावं शिस्तीत लावून दिली तेव्हा मिथेन आलं. एक कार्बन असेल तिथे 'मेथ' का, तर दोघा फ्रेंच माणसांनी कधीकाळी लाकूड तापवलं म्हणून. नामकरणाची शिस्त नंतर आली, मूळ शब्द भट्टीतून आला.

मामा खाटेवर पडून ऐकत होता. म्हणाला, "कोळशाच्या भट्ट्या? आरं, त्या हितं रानात कितीतरी व्हत्या." मग त्याने सांगितलं. ओंडके रचायचे, वर पाला टाकायचा, पाल्यावर ओली माती लिंपायची, एका बाजूने विस्तव घालायचा आणि भोकं बुजवत राहायची. आग भडकू द्यायची नाही, विझूही द्यायची नाही. दिवसेंदिवस कोणीतरी राखण बसायचं. हवा जास्त गेली की हातात कोळशाऐवजी राख. "त्यात कातकरी तरबेज. धुराचा रंग बघून सांगायचे आत काय झालंय ते."

त्या धुरातच सगळी गंमत आहे. पॅरिसच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळीत जे पकडलं होतं तेच मुरबाडच्या रानात पाल्यातून वर निघून जायचं. ठेकेदाराला कोळसा हवा, धुराला कोण विचारतो.

असो. मी पुढे वाचत गेलो. लाकूड तापवण्याची ही पद्धत, म्हणजे पुस्तकी भाषेत शुष्क ऊर्ध्वपातन, एकोणिसाव्या शतकात रसायनवाल्यांचं आवडतं हत्यार होतं. हाताला लागेल ते भांड्यात घालून तापवायचे आणि थंड जागी काय जमतंय ते बघायचे. १८३९ साली राइन्श नावाच्या जर्मन माणसाने 'कॅटेचू' नावाच्या पदार्थातला भाग असाच तापवला. वर पांढरे पापुद्रे जमले. त्याने त्याला जर्मनमध्ये लांबलचक नाव दिलं, त्याचा अर्थ 'जळलेल्या कॅटेचूचं आम्ल'. १८४१ मध्ये आणखी दोघांना तेच स्वतंत्रपणे सापडलं. नावं बदलत बदलत १८७९ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाने शिफारस केली की याला सरळ कॅटेकोल म्हणा. तेच आजवर चाललंय.

कॅटेचू म्हणजे काय हे बघायला गेलो आणि उठून बसलो. कॅटेचू म्हणजे कात. आपला पानातला कात!

हॉब्सन-जॉब्सन नावाचा १८८६ चा एक कोश आहे, इंग्रजांच्या तोंडी बसलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा. त्यात याची वंशावळ दिली आहे. काथ हा शब्द संस्कृत 'क्वाथ' वरून, म्हणजे उकळून काढलेला अर्क. (आपला काढाही त्यातलाच. म्हणजे सर्दीचा काढा आणि पानातला कात एकाच घरचे.) कन्नडमध्ये काचु, मलयमध्येही काचु, आणि व्यापाऱ्यांच्या गलबतांतून तो युरोपात पोचेपर्यंत झाला कॅटेचू. खैराचं शास्त्रीय नाव बरीच वर्षं अकॅशिया कॅटेचू होतं, आता सेनेगालिया कॅटेचू म्हणतात.

आता साखळी बघा. कात, कॅटेचू, कॅटेकोल. आणि दुसऱ्या बाजूला: कात, कातकरी.

दोन्ही नावांचं मूळ एकच. एक जगातल्या प्रत्येक रसायनशास्त्राच्या पुस्तकात छापलेलं, आणि दुसरं गावातली पोरं शाळेच्या मागे भांडताना शिवी दिल्यासारखं वापरतात. खोटं कशाला सांगू, लहानपणी सुट्टीत यायचो तेव्हा मीही ते तसं वापरलेलं आहे.

त्या रात्री झोप आली नाही. मोबाइलची बॅटरी मात्र झोपली.

घरी परत आल्यावर आठवडाभर या काताचा माग काढत बसलो होतो, त्यातलं थोडं इथेच सांगतो म्हणजे गोष्ट सरळ राहील.

सगळ्यात आधी भेटतो गार्सिया द ओर्ता, गोव्यातला पोर्तुगीज वैद्य. हाच तो, ज्याला पोर्तुगीजांनी मुंबई बेट भाडेपट्ट्याने दिलं होतं. त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. त्यात कात कसा करतात हे व्यवस्थित दिलंय: लाकडाचे तुकडे करायचे, उकळायचे, अर्क आटवायचा, आणि त्यात चक्क नाचणीचं पीठ मिसळून वड्या पाडायच्या. नाचणी! कोकणातल्या कुठल्याही घरात सापडणाऱ्या दोन वस्तू एका वडीत. ओर्ताला वाटलं की जुन्या ग्रीक वैद्यांचं 'लिसियम' नावाचं औषध ते हेच. ते चुकीचं ठरलं, लिसियम म्हणजे दारुहळदीच्या जातीच्या झुडपाचा अर्क. पण कृती त्याने अचूक लिहून ठेवली आहे.

गंमत म्हणजे गोव्यात हे छापून नव्वद वर्षं झाली तरी युरोपातल्या औषधवाल्यांना पत्ताच नव्हता. सतराव्या शतकात जपानमार्गे कात तिकडे पोचला तेव्हा त्यांनी त्याला 'टेरा जपोनिका' म्हटलं, म्हणजे जपानी माती. १६५४ च्या एका औषधकोशात तो परदेशी माती म्हणून नोंदलेला आहे. झाडाचा काढा, आणि नोंद मातीत! दस्तऐवज कोणी वाचत नाही ही तक्रार फक्त आमच्या धंद्यातली नाही.

मग येतो हम्फ्री डेव्ही. सोडिअम वेगळा करणारा, खाणकामगारांसाठी दिवा बनवणारा तोच. पण ते सगळं पुढचं. १८०३ मध्ये हा चोवीस वर्षांचा होता, म्हणजे माझ्याहून लहान, आणि कातडं कमावायला ओकच्या सालीला पर्याय काय यावर काम करत होता. जोसेफ बँक्सने त्याला काताचे दोन नमुने दिले, एक मुंबईचा आणि एक बंगालचा. डेव्हीने दोन्ही मोजले. २०० ग्रेन मुंबईच्या कातात १०९ ग्रेन टॅनिन, आणि तेवढ्याच बंगालच्या कातात ९७. टॅनिन म्हणजे कच्च्या चामड्याला पक्कं करणारा तुरट पदार्थ, कात चघळल्यावर जीभ ओढल्यासारखी होते तो त्याचाच प्रताप. डेव्हीचा हिशोब असा की एक पौंड कात सात-आठ पौंड ओकच्या सालीचं काम करतो. लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हा निबंध गेला. पुढे शतकभर कातावर जहाजांची शिडं, मासेमारीची जाळी, सुती कापडाचा तपकिरी रंग असं काय काय झालं.

त्या निबंधात मुंबई हे नाव आहे. पण मुंबई बेटावर काही कोणी खैर उकळत बसलं नव्हतं. ते काम करणारी माणसं छापील कागदावर आली आणखी चाळीस वर्षांनी. डॉ. जॉन विल्सन, ज्यांच्या नावाने मुंबईत विल्सन कॉलेज आहे, त्यांनी उत्तर कोकणातल्या वारली आणि कातोडी या दोन जमातींवर एक निबंध लिहिला. तो १८४३ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. कातोडी म्हणजेच कातकरी. विल्सन लिहितात की ज्या धंद्यावर ही माणसं जगतात त्या कातावरूनच यांना हे नाव पडलंय. आणि आणखी एक गोष्ट लिहितात. तोड सुरू करण्याआधी हे लोक त्याच जातीचं एक झाड निवडतात, त्याला शेंदरासारखा लाल रंग लावतात, नारळ ठेवतात, धूप जाळतात आणि कामाला यश दे म्हणून त्याच्याकडे मागतात. मग कुऱ्हाड.

हे मी आत्ता सांगतोय. त्या रविवारी सकाळी मला यातलं निम्मंही माहीत नव्हतं. माझ्याकडे फक्त राइन्श आणि हॉब्सन-जॉब्सन होते.

सकाळी मामेबहिणीच्या दोन मित्रमैत्रिणी अभ्यासाला आल्या. एक शेजारच्या आळीतली मुलगी, आणि एक मुलगा पलीकडच्या कातकरवाडीतला. अंगाने किडकिडीत, बोलायला कमी. मला 'सर' म्हणाला, तर मामेबहीण फिस्सकन हसली.

मी म्हटलं, पुस्तक मिटा. नाक्यावरच्या टपरीवरून काताचा तुकडा आणि चुन्याची डबी आणा. आणि एक गंजका खिळा.

प्रयोग तुम्हीही घरी करून बघा, दहा रुपयांचं काम आहे. काताची पूड गार पाण्यात टाकली तर नीट विरघळत नाही, खाली बसते. गरम पाण्यात टाकली की विरघळते. यावरच अख्खा धंदा उभा आहे: खैराच्या मधल्या लालसर गाभ्याचे तुकडे तासन् तास उकळायचे, पाणी आटवायचं, थंड होऊ द्यायचं. थंड झालं की कातातला मुख्य पदार्थ, कॅटेचिन, आपोआप खाली बसतो. शाळेच्या पुस्तकात स्फटिकीकरण म्हणून मोरचूद उकळायला सांगतात, तेच हे.

मग त्या पाण्याचे दोन पेले केले. एकात बोटभर चुना. बघता बघता पाणी लालभडक. पान खाल्ल्यावर तोंड रंगतं ते असंच. चुना अल्कधर्मी, त्याच्या संगतीत कॅटेचिन हवेतला ऑक्सिजन भराभर घेतं आणि लाल होतं. दुसऱ्या पेल्यात खिळा. पण आधी तो खिळा अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला होता, तेच व्हिनेगर चमचाभर ओतलं. पाणी क्षणात हिरवट काळं, शाईसारखं. "अय्यो!" शेजारची मुलगी ओरडली. जुने लोक कात मातीच्या मडक्यांत का शिजवायचे याचं एक कारण डोळ्यांपुढे होतं. लोखंडाला काताचा स्पर्श झाला की रंग गेला.

आता हे का होतं? मी वहीत षटकोन काढला. बेन्झीनचं वर्तुळ धड्यात आहेच: सहा कार्बन एकमेकांचे हात धरून फेर धरतात, प्रत्येकाकडे एक हायड्रोजन. यातले दोन हायड्रोजन काढायचे आणि तिथे ओएच लावायचे. धड्यात अल्कोहोलचा क्रियात्मक गट म्हणून ओएच येतो, तोच. फक्त इथे तो वर्तुळावर बसलाय, म्हणून वागणूक वेगळी. दोन ओएच लागले की झालं कॅटेकोल.

इथे मी माती खाल्ली. दोन ओएच एक कार्बन सोडून काढले. मामेबहिणीने विचारलं, "कुठेही लावले तर चालतात का?" मोबाइल काढून बघितलं तर नाही चालत! शेजारीशेजारीच हवेत. एक सोडून लावले तर तो पदार्थ वेगळा, समोरासमोर लावले तर आणखी वेगळा. तितकेच कार्बन, तितकेच हायड्रोजन, तितकेच ऑक्सिजन, आणि तीन निरनिराळे पदार्थ. धड्यात समघटकता हा शब्द आहे, त्याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या चुकीने मिळालं. शेजारी बसलेले दोन ओएच म्हणजे खेकड्याच्या नांग्या, ते लोखंडाला दोन्हीकडून पकडतात. आणि पकडलं की रंग. कॅटेचिनच्या मोठ्या रेणूतही हीच नांगीची जोडी आहे, तो रेणू तापवून मोडला की जोडीसकट कॅटेकोल सुटं होतं. राइन्शच्या भांड्यात वर जमलेले पांढरे पापुद्रे ते हेच.

हे दोन ओएच बेन्झीनवर बसलेत हे १८६७ मध्ये ओळखलं केकुलेने. बेन्झीनचं वर्तुळ सुचवणारा तोच, स्वप्नात स्वतःची शेपटी तोंडात धरलेला साप दिसला म्हणून सांगणारा. (सापही कात टाकतो, पण हा योगायोग मराठीपुरताच आहे, जर्मन माणसावर ढकलू नये :-) )

आणि ही जोडी निघाली भलतीकडे. आपल्या अंगात, भीती वाटली की सुटणारं ॲड्रेनलिन, आणि हल्ली ज्याच्या नावाने मोबाइलला शिव्या घालतात ते डोपामिन, दोन्हींत कॅटेकोलचं वर्तुळ जसंच्या तसं आहे, फक्त नायट्रोजनची शेपटी जोडलेली. म्हणून त्यांना कॅटेकोलअमाइन म्हणतात. टोकावड्याच्या रानात कुंपणावर चढणारी खाजकुयली माहीत असेल, तिच्या बियांत एल-डोपा असतं, कंपवाताच्या रोग्यांना देतात ते. तेही याच घराण्यातलं. आजकाल कॅटेकोल कारखान्यात फिनॉलपासून करतात, त्यातून पुढे कीटकनाशकं होतात आणि व्हॅनिला आइस्क्रीमचा वासही. खैर आता कोणी त्यासाठी उकळत नाही. नाव तेवढं राहिलं.

मी नावाची साखळी फळ्यासारखी भिंतीवर खडूने लिहिली. कात, कॅटेचू, कॅटेचिन, कॅटेकोल, कॅटेकोलअमाइन. मामी ओरडली ते सोडा. पुढचा शब्द लिहावा की नाही हे मला कळेना. तो मुलगा समोर बसलेला. त्याला उगाच बोट दाखवल्यासारखं व्हायला नको. मी खडू हातात धरून तसाच उभा.

तोच म्हणाला, "सर, म्हंजे आमचंच नाव ना?"

मी म्हटलं, हो.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग त्याने विचारलं, "पण आमच्यात कात कोण बनवतंय? आजीनंपण नाय बघितला. आजा कोळसा पाडायचा. मग बनवायचं थांबलं कशानं?"

याचं उत्तर त्या सकाळी मला देता आलं नाही. "शोधून सांगतो" म्हटलं. हे सगळं खरं तर त्यासाठीच लिहायला घेतलं.

एका वाक्यात सांगायचं तर झाड सरकारचं झालं. १८७८ चा वनकायदा आला आणि जंगलांचे राखीव, संरक्षित असे तुकडे पडले. राखीव जंगलात झाड तोडणं, कोळसा पाडणं, विस्तव करणं, सगळ्याला परवानगी. ज्यांच्या हक्काची नोंद झाली त्यांचे हक्क राहिले, ज्यांची झाली नाही त्यांचे बुडाले. आता रानात हंगामी झोपड्या टाकून फिरणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाने जंगल खात्याच्या अधिकाऱ्यापुढे लेखी दावा कसा दाखल करायचा? ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत याविरुद्ध एवढी ओरड झाली की १८८५ मध्ये सरकारला चौकशीसाठी मुंबई वन आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल १८८७ चा आहे. ओरड करणाऱ्यांत गावं होती, जमीनवाले होते. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांचा आवाज किती पोचला असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

कात करायला खैर अख्खा तोडावा लागतो, गाभ्याचंच लाकूड लागतं. मध किंवा हिरड्यासारखं झाड ठेवून घेता येत नाही. त्यामुळे खैर राखायचा तर तोड रोखायला हवी, हे मी मान्य करतो. पण मग कोळशासाठी रानंच्या रानं ठेकेदारांना कशी मिळाली? मुंबईला स्वयंपाकाला आणि कारखान्यांना कोळसा लागत होता म्हणून. म्हणजे झाड तोडायचं थांबलं नाही, फक्त तोडणारा मालक होता तो मजूर झाला. खैर ओळखणारी, आच सांभाळणारी, काढ्याचा दाटपणा बघून मडकं उतरवणारी माणसं तेच कसब घेऊन कोळशाच्या भट्टीवर बसली. आच तीच, मडकं गेलं. मामा म्हणाला ना, धुराचा रंग बघून सांगायचे. ते काही एका पिढीत आलेलं शहाणपण नव्हे.

स्वातंत्र्यानंतर राज्याने १९६४ मध्ये झाडतोडीचा कायदा केला. त्याच्या यादीत सागवान, मोह, हिरडा यांच्यासोबत खैरही आहे, म्हणजे स्वतःच्या बांधावरचा खैर तोडायलाही परवानगी. चिपळूण-सावर्डे भागात काताचे कारखाने आहेत, परवान्याने चालणारे. तिथे बॉयलर आहेत, यंत्रं आहेत. आता टपरीवरचा कात असा कारखान्यातून येतो, काही इंडोनेशियाकडून येणाऱ्या गॅम्बियर नावाच्या वेलीच्या अर्कापासूनही होतो. मुंबईत घरोघरी गॅस आला आणि कोळशाची मागणीही आटली. मग उरल्या वीटभट्ट्या. केंद्र सरकारच्या यादीत महाराष्ट्रातले तीन विशेष असुरक्षित आदिवासी गट आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा गौण वनोपजावर हक्क मिळाला: बांबू, मध, लाख, तेंदूपानं, औषधी मुळ्या. खैराचा गाभा म्हणजे इमारती लाकडासारखाच, तो त्यात बसत नाही. ज्या वस्तूवरून नाव पडलं तीच यादीत नाही.

मला विचाराल तर कातभट्ट्या परत सुरू करा वगैरे मी म्हणणार नाही. दिवसभर धुरात मडकी ढवळणं हे काम कॉम्प्युटरसमोर बसून गोड वाटतं, करणाऱ्याला नाही. पण नववा धडा शिकवताना एक वाक्य सांगायला काय हरकत आहे? आम्हाला दहावीला वोहलर शिकवला. १८२८, प्रयोगशाळेत युरिया, चैतन्यशक्तीचा सिद्धांत बाद. केकुलेचा साप तर सगळ्यांना ठाऊक असतो. ज्या काढ्याला तापवून कॅटेकोल सापडलं तो काढा करणारे कोण, हे जॉन विल्सनने १८४३ मध्ये लिहून ठेवलंय. अंतर फक्त चार वर्षांचं आहे. दोन्ही निबंध कोणी शेजारी ठेवले नाहीत, इतकंच.

यातलं बरंचसं मोठ्या अक्षरात दोन पानांवर लिहून, त्याचे फोटो काढून मी मामेबहिणीला पाठवले. म्हटलं, त्याला दे. तिने विचारलं, "हे परीक्षेला येणार का?" नाही येणार. बोर्डाच्या पेपरात समजातीय श्रेणी येईल, साबणाची अभिक्रिया येईल, त्यांचीही टिपणं सोबत जोडली आहेत.

त्याच्या घरचे दरवर्षी दिवाळी झाली की कल्याणच्या बाजूला वीटभट्टीवर जातात, ते पावसाळ्याच्या तोंडावर परततात. परीक्षा मार्चमध्ये. याला आजीजवळ ठेवायचं असं घरात चाललंय, पण मालकाची उचल आधीच घेतलेली आहे आणि हात जितके जास्त तितकी ती लवकर फिटते. मामा जाऊन त्याच्या बापाशी बोलणार होता. बोलला का विचारलं तर म्हणाला, "बोललो. बघू म्हणतोय."

परवा मामेबहिणीचा मेसेज आला. त्या मुलाने खिळ्याचा प्रयोग शाळेत, सगळ्या वर्गापुढे करून दाखवला. चुन्याचा पेला नीट झाला, व्हिनेगरचा बाकावर सांडला. काळा डाग पडलाय, दोनदा घासला तरी निघत नाही आणि बाई चिडल्यात. डाग कशाने जाईल असं त्याने विचारलंय. लिंबू चोळून बघा म्हणून कळवलं आहे.

भट्टीची गाडी भाऊबीजेनंतर येणार आहे.